पहिला नंबर चुकतो कसा? एनबीए ड्राफ्टमागचं गणित

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथले संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम. २०१३ च्या ड्राफ्टची यादी आज वाचायला घेतली की पहिल्याच ओळीला अडखळायला होतं. पहिला नंबर अँथनी बेनेट, संघ क्लीव्हलँड कॅव्हलियर्स. बास्केटबॉल नेमाने पाहणाऱ्यालाही हे नाव पटकन आठवत नाही. पहिल्या मोसमात त्याचे सामन्यामागे गुण होते ४.२. चार मोसमांत चार संघ झाले आणि गडी लीगबाहेर. त्याच यादीत पंधराव्या ओळीवर यानिस अँटेटोकुम्पो आहे. दोनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. २०२१ च्या अंतिम मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात ५० गुण करून मिल्वॉकीला विजेतेपद मिळवून दिलं ते यानेच. आणखी खाली, सत्ताविसाव्या ओळीवर रूडी गोबेर, चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला.

एवढे पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, एवढे कॅमेरे, एवढे संगणक, तरी यांना दिसलं कसं नाही?

त्या रात्री दिसण्यासारखं काय होतं ते आधी बघू. यानिस तेव्हा ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. अंगाने नुसती काडी. उंची साधारण ६ फूट ९ इंच, आणि ती अजून वाढत होती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, या मुलाचे पाय ड्राफ्ट झाल्यावरही लांब होत होते. उलट बेनेट कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सामन्यामागे १६ गुण आणि ८ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर हाती घेतलेले चेंडू) काढत होता, तेही अमेरिकेतल्या चांगल्या दर्जाच्या स्पर्धेत. खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ड्राफ्टआधी त्याला खेळून दाखवता आलं नव्हतं, एवढीच काय ती शंकेला जागा. (पहिला नंबर म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा जाणकारही चकित झाले होते, हेही खरं.) दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पुढची दहा वर्षं हाताने झाकली, तर आपण छातीठोकपणे यानिसवर बोट ठेवलं असतं का? मी तरी ठेवलं नसतं.

लिलाव नव्हे, रांग

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो. तिथे पैसा बोलतो. एनबीएचा ड्राफ्ट म्हणजे रांग आहे. ३० संघ, दोन फेऱ्या, ६० निवडी. अलीकडे काही संघांनी दंड म्हणून निवड गमावल्याने वर्षाला एकदोन कमी झाल्या, एवढंच. तुमचा नंबर आला की उरलेल्यांतला एक उचलायचा. पगार जवळपास ठरलेला असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला दोन वर्षांची हमी मिळते, आणि तिसरं, चौथं वर्ष ठेवायचं की नाही ते संघ ठरवतो. दुसऱ्या फेरीतल्याला अशी हमी नसते.

दुबळ्या संघांना उभं राहता यावं म्हणून रांगेत त्यांना पुढे ठेवतात. मग काही संघ मुद्दाम हरू लागले. त्यावर उतारा म्हणून १९८५ पासून सोडत आली. पुढे पद्धत ठरली ती अशी: एका यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू फिरवायचे आणि त्यातले चार काढायचे. चार चेंडूंच्या वेगवेगळ्या जोडण्या होतात १००१. त्यातली एक बाद, उरलेल्या १००० संघांमध्ये वाटून टाकायच्या. २०१९ च्या नियमांनुसार तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४० जोडण्या, म्हणजे १४ टक्के शक्यता. २०२५ मध्ये डॅलसकडे होत्या फक्त १८, म्हणजे १.८ टक्के. तरी चेंडू त्यांचेच निघाले आणि त्या वर्षीचा सगळ्यांत नावाजलेला मुलगा, कूपर फ्लॅग, त्यांना मिळाला. भाकिताच्या लेखात नशिबाचा हा पहिला हप्ता, पुढे आणखी येतील.

आता वयाचा मुद्दा. त्या वर्षात किमान १९ पूर्ण होणारा मुलगाच ड्राफ्टला येऊ शकतो, आणि अमेरिकेतला असेल तर शाळा सोडून एक वर्ष झालेलं असावं लागतं. २००६ च्या ड्राफ्टपासून हे लागू झालं. म्हणून वरच्या नंबरांवर बहुतेक अशी मुलं दिसतात ज्यांचं कॉलेजचं एकच वर्ष झालंय. एक वर्ष म्हणजे पस्तीसेक सामने. तेवढ्यावरून पुढच्या दहा-बारा वर्षांचं सांगायचं आहे.

कोष्टक

संगणकाचं मॉडेल म्हणजे काही जादू नाही, मोठं कोष्टक आहे. एका ओळीत एक जुना खेळाडू. रकान्यांत त्याची उंची, वय, कॉलेजमधले गुण, रिबाउंड, असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटआधी दिलेले पास), चेंडू किती वेळा गमावला, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, हे सगळं. शेवटच्या रकान्यात तो एनबीएत किती यशस्वी झाला. संगणक प्रत्येक रकान्याला वजन देऊन बघतो आणि कोणती वजनं दिली की शेवटचा रकाना सगळ्यांत कमी चुकीने जुळतो ते शोधतो. मग यंदाच्या मुलांच्या ओळी त्याच वजनांतून काढायच्या. अलीकडची मॉडेलं याहून गुंतागुंतीची असतात, पण गाभा हाच.

गंमत अशी की खरी भांडणं त्या शेवटच्या रकान्यावरच होतात. यश म्हणजे काय? सामन्यामागे गुण? हरणाऱ्या संघात कुणीतरी गुण करायचेच असतात. ऑलस्टार सामन्यात निवड? तो मान इतक्या थोड्यांना मिळतो की रकान्यात जवळजवळ सगळीकडे शून्यच दिसेल. त्यामुळे खेळाडू मैदानात असताना संघाचं किती बरं-वाईट झालं, याचा अंदाज देणारे एकत्रित निर्देशांक वापरतात. तरी प्रश्न उरतोच. चॉन्सी बिलप्सला १९९७ मध्ये बॉस्टनने तिसऱ्या नंबरवर घेतलं आणि पहिला मोसम संपायच्या आत दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. सात वर्षांनी, २००४ मध्ये, डेट्रॉइटकडून तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग बॉस्टनची निवड बरोबर होती की चूक? मुलाबद्दलचं भाकीत खरं निघालं, पण बॉस्टनच्या पदरात काहीच पडलं नाही. मला विचाराल तर संघाने पहिली चार वर्षं बघावीत, कारण तेवढीच त्याच्या हातात असतात. पण मग उशिरा पिकणारी फळं कोष्टकात कच्चीच दिसणार.

उंचीचा सापळा

ड्राफ्टआधी शिकागोत एक मोठी मोजणी होते, तिला कम्बाइन म्हणतात. अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने हात कुठवर पोचतो, जागेवरून उडी किती, धाव किती, अंगात चरबी किती. नंतर संघ मुलाखतीही घेतात. आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच समजा, फक्त इथे मुलाच्या हाताला पट्टी लावतात.

२००७ मध्ये याच मोजणीत केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांची, म्हणजे साधारण ८४ किलोंची बार एकदाही उचलता आली नव्हती. पुढे तो लीगच्या इतिहासातल्या सर्वाधिक गुण करणाऱ्यांमध्ये जाऊन बसला. उलट हातांची लांबी खरंच कामाची निघते. ड्रेमंड ग्रीनची उंची साडेसहा फुटांच्या आसपास, पण हात पसरले की ७ फूट १ इंच. २०१२ मध्ये तो पस्तिसाव्या नंबरला गेला, कारण कोणत्या जागी खेळवायचा तेच कुणाला कळेना. गोल्डन स्टेटने त्याला थेट सात फुटी सेंटर लोकांसमोर, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच गड्यांसमोर उभा केला, आणि त्या हातांनी ते निभावलं.

आता एक कोडं. बास्केटबॉलमध्ये उंची महत्त्वाची, हे शेंबडं पोरही सांगेल. मग एनबीएत पोचलेल्या खेळाडूंमध्ये उंची आणि यश यांचा संबंध एवढा क्षीण का दिसतो?

पोलीस भरतीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात पुरुष उमेदवाराला किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते. भरती होऊन गेलेल्या शंभर जणांना रांगेत उभं करून उंचीवरून सांगा बरं, यातला उत्तम तपास कोण करेल? नाही सांगता येत, कारण चाळणी आधीच लागलेली आहे. एनबीएत ही चाळणी आणखी खोडकर आहे. मग्सी बोग्स ५ फूट ३ इंचांचा. १९८७ मध्ये बाराव्या नंबरला गेला आणि १४ मोसम खेळला. इतका बुटका माणूस तिथवर पोचला, कारण बाकी सगळ्यात तो विलक्षण होता. विलक्षण नसलेले बुटके आपल्या कोष्टकात आलेच नाहीत. ते कॉलेजातच थांबले. उलट सात फुटी माणसाला बाकी बेताचं असलं तरी कुणीतरी उचलतोच. त्यामुळे फक्त निवडल्या गेलेल्यांचं कोष्टक संगणकाला दिलं, तर तो बिनदिक्कत निष्कर्ष काढेल की उंची फारशी लागत नाही. संगणकाचा यात दोष नाही. त्याला जे दाखवलं तेवढंच त्याने पाहिलं. म्हणून चांगली मॉडेलं न निवडलेल्या कॉलेज खेळाडूंनाही कोष्टकात बसवतात आणि त्यांच्या शेवटच्या रकान्यात शून्य लिहितात.

शंभर बास्केटांचं गणित

इथे जरा सावकाश चालू, कारण ड्राफ्टमधल्या निम्म्या चुका मला याच एका ठिकाणी दिसतात.

समजा एका मुलाने कॉलेजच्या मोसमात १०० थ्री-पॉइंटर (दुरून मारायचे, तीन गुणांचे फटके) मारले आणि ४५ आत गेले. ४५ टक्के म्हणजे नेमबाज, लगेच उचला! थांबा. एखाद्याची खरी क्षमता ३५ टक्के असेल आणि त्याने १०० फटके मारले, तर निव्वळ योगायोगाने निकाल साधारण २६ ते ४४ च्या मध्ये कुठेही पडतो. वीसपैकी एकोणीस वेळा या पट्ट्यात, आणि विसाव्या वेळी त्याच्याही बाहेर. देशभरात शेकडो मुलं असे शंभर-शंभर फटके मारतात. त्यांत काही सामान्य नेमबाजांचे ४५ लागणारच. आणि आपलं लक्ष जातं ते नेमकं त्यांच्याकडेच, कारण यादी आपण टक्केवारीनेच लावलेली असते.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक मुलाच्या खऱ्या फटक्यांत काही काल्पनिक, सरासरी फटके मिसळायचे. कॉलेजची सरासरी ३४ टक्के धरू आणि २०० काल्पनिक फटके घालू. त्यातले ६८ आत गेले असं मानायचं. आता मुलाचे झाले ३०० पैकी ११३, म्हणजे सुमारे ३८ टक्के. ४५ वरून थेट ३८. हाच मुलगा १००० फटक्यांत ४५० मारून आला असता, तर तेच २०० काल्पनिक फटके घालूनही तो ४३ टक्क्यांवर राहिला असता. पुरावा जितका जास्त तितका आकडा जागचा हलत नाही. मीठ तेवढंच, आमटी जास्त असली की खारटपणा जाणवत नाही, तसं.

याच कारणाने स्काउट मंडळी कॉलेजातल्या फ्री थ्रोकडे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांकडे, बारीक बघतात. थ्री-पॉइंटरची रेषा बदलते. कॉलेजात ती २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएत बास्केटच्या अगदी समोर २३ फूट ९ इंचांवर. फ्री थ्रोची रेषा मात्र सगळीकडे १५ फुटांवरच. समोर अंगावर येणारा बचावपटू नाही, घाई नाही, सहकाऱ्याचा पास वाकडा आला अशी सबब नाही. हाताची खरी घडण तिथे उघडी पडते. एनबीएत थ्री-पॉइंटर कोण मारेल, याचा अंदाज घेताना कॉलेजच्या थ्री-पॉइंटर टक्केवारीइतकंच, कधीकधी जास्तच, फ्री थ्रोचं ऐकावं लागतं. पहिल्यांदा ऐकलं की हे विचित्र वाटतं.

कवाय लेनर्डचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. कॉलेजच्या दोन वर्षांत त्याचे थ्री-पॉइंटर सुमारे २५ टक्के लागले. म्हणजे नेम नाही असाच शिक्का. फ्री थ्रो मात्र ७४ टक्क्यांच्या आसपास. फार ग्रेट नाही, पण हात मोडका असणाऱ्याचे इतके लागत नाहीत. २०११ मध्ये तो पंधराव्या नंबरला इंडियानाकडे गेला आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोकडे. तिथे चिप एंगेलँड नावाचे नेमबाजीचे प्रशिक्षक होते. चेंडू सोडताना हात कुठे असावा, यावर त्यांनी कवायकडून काम करून घेतलं. पहिल्याच मोसमात कवाय ३७ टक्क्यांच्या वर गेला.

याचं श्रेय भाकिताला द्यायचं की एंगेलँडना? तो तेव्हाच्या सॅक्रामेंटोसारख्या रखडलेल्या संघात गेला असता तर? बियाणं आणि जमीन वेगळी काढून मोजायला आजवर कुणाला जमलेलं नाही. कोष्टकात मात्र सगळं श्रेय बियाण्याच्या ओळीत जातं.

वय, संघ आणि बदललेला खेळ

कोष्टकातला सगळ्यांत बोलका रकाना बहुधा वयाचा असतो. १९ वर्षांच्या मुलाने २२ वर्षांच्यांमध्ये खेळून काढलेले १५ गुण आणि २२ वर्षांच्याने काढलेले १५ गुण एकच नव्हेत. आठवीतल्या पोराने दहावीचा पेपर सोडवावा तसं ते आहे. वयाच्या दाखल्याचा घोळ आपल्याकडेच होतो असं नाही, बरं का. बडी हील्ड २०१६ मध्ये सहाव्या नंबरला गेला. २०१८ मध्ये उलगडलं की सर्वत्र छापलेल्या वयापेक्षा तो एका वर्षाने मोठा आहे. आपण कधी वय लपवलं नाही, नोंदीच चुकल्या होत्या, असं त्याने सांगितलं. मॉडेलवाल्यांच्या दृष्टीने मात्र एका वर्षाचा फरक छोटा नव्हे.

चेंडू हिसकावणं आणि फटके अडवणं हे दोन दुर्लक्षित आकडेही बरंच सांगून जातात. ते नुसते बचावाचे आकडे नाहीत. वेळेवर हात घालायला डोकं आणि चपळाई दोन्ही लागतात, आणि त्या दोन्ही गोष्टी वरच्या पातळीवर टिकतात.

संघ कोणता होता, हेही बघावं लागतं. डेव्हिन बुकर केंटकी विद्यापीठात सामन्यामागे फक्त १० गुण काढत होता आणि सुरुवातीच्या पाचांतही नव्हता. कारण तो २०१४-१५ चा केंटकी संघ म्हणजे भावी एनबीए खेळाडूंची जत्राच होता. ३८ सामने जिंकून एक हरला. फिनिक्सने बुकरला तेराव्या नंबरवर घेतलं. मार्च २०१७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले. उलट २००८ मधला मायकल बीझ्ली बघा. कॅन्सस स्टेटसाठी सामन्यामागे २६ गुण आणि १२ रिबाउंड. कोणतंही आकड्यांचं यंत्र त्याच्या प्रेमात पडलं असतं. तो दुसऱ्या नंबरला गेला. यूसीएलएतून १३ च्या आतबाहेर गुण काढणारा रसेल वेस्टब्रुक चौथ्या नंबरला. एमव्हीपी झाला तो वेस्टब्रुक. तेव्हा आकडेवाल्यांनीही फार मिशीला पीळ देऊ नये.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत चूक उलट बाजूने व्हायची. लुका डॉन्चिच १९ व्या वर्षी युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, एमव्हीपी होता, तेही पुऱ्या वाढीच्या, पगारी पुरुषांमध्ये खेळून. तरीही २०१८ मध्ये त्याच्या आधी दोन नावं पुकारली गेली. तो पुरेसा वेगवान नाही, अशी कुजबुज होती. इथे कोष्टक ओरडून सांगत होतं आणि डोळे ऐकत नव्हते.

पण कोष्टक जुनं होतं, ही त्याची मोठी अडचण. वर्षाला ६० नावं धरली तर २० वर्षांत १२०० ओळी. संख्याशास्त्रात हे काहीच नाही. आणि त्या वीस वर्षांत खेळच पालटला. २००३-०४ मध्ये एक संघ सामन्यात साधारण १५ थ्री-पॉइंटर मारायचा, २०२३-२४ मध्ये ३५. जलील ओकाफोर २०१५ मध्ये तिसऱ्या नंबरला गेला. बास्केटकडे पाठ करून, धक्के देत आत घुसणारा जुन्या घराण्यातला सेंटर. पहिल्या मोसमात त्याने १७.५ गुणही काढले. पण तोवर लीगला असा सेंटर हवा होता जो बाहेरून नेम धरेल आणि चपळ गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या छोट्या चणीच्या गड्याच्या, मागे धावेल. वीस वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित त्याचं नाव झालं असतं. १९९५ च्या ओळींवर शिकलेल्या मॉडेलला हे कळायला मार्गच नव्हता.

निर्णय आणि निकाल

ड्राफ्टच्या चुका म्हणून जी यादी नेहमी फिरते, तिच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. २००७ मध्ये पोर्टलँडने ड्युरंट सोडून ग्रेग ओडन घेतला. ओडनचे गुडघे गेले, अख्ख्या कारकिर्दीत मिळून १०५ सामने. पण त्या जूनमध्ये बहुतेक संघांनी ओडनच घेतला असता. निर्णय वाईट नव्हता, निकाल वाईट लागला.

१९८४ मध्ये याच पोर्टलँडने मायकल जॉर्डन सोडून सॅम बोवी घेतला. त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, हे कारण मला पटतं. पण पायाच्या हाडाच्या दुखापतीमुळे बोवीचे कॉलेजचे दोन पूर्ण मोसम वाया गेले होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रेक्सलरसाठी मी पोर्टलँडला माफ करतो, त्या पायासाठी नाही.

म्हणूनच मॉडेलने 'हा स्टार होणार' असं न सांगता 'अमुक टक्के शक्यता' सांगायची असते. ते तपासायचं कसं? वेधशाळेला तपासतो तसं. ज्या ज्या दिवशी ७० टक्के पाऊस सांगितला, त्यातल्या दहापैकी साधारण सात दिवशी भिजलात तर वेधशाळा बरोबर. एका कोरड्या दिवसावरून तिला नावं ठेवता येत नाहीत. आणि मॉडेलची खरी परीक्षा वेगळीच आहे. प्रत्यक्ष ड्राफ्टच्या क्रमापेक्षा ते बरं सांगतं का? तो क्रम वाटतो तेवढा टाकाऊ नाही. वरचे नंबर सरासरीने खालच्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरतात. बेनेट आणि योकिच लक्षात राहतात ते अपवाद म्हणूनच. निकोला योकिच २०१४ मध्ये एकेचाळिसावा होता. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर टॅकोची जाहिरात चालू होती आणि सर्बियात तो स्वतः झोपला होता. पुढे तीन एमव्हीपी. पण दुसऱ्या फेरीतल्या बहुतेकांची गोष्ट सतनाम सिंगसारखी असते. पंजाबातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंचांचा. २०१५ मध्ये डॅलसने त्याला बावन्नाव्या नंबरवर घेतलं. भारतात जन्मलेला ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला एकही आला नाही.

ड्राफ्टच्या क्रमाला मान देताना एक पाचर मारून ठेवली पाहिजे. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की मैदानावरची कामगिरी सारखी धरली, तरी वरच्या नंबरवर घेतलेल्या खेळाडूंना जास्त मिनिटं खेळायला मिळतात आणि ते लीगमध्ये जास्त काळ टिकतात. पहिल्या फेरीतली निवड वाया गेली, हे कबूल करायला कोणत्या साहेबाला आवडेल? म्हणजे भाकीत थोडं स्वतःच स्वतःला खरं करतं. साठाव्या नंबरवाल्याला दोन वाईट रात्री पुरतात, दुसऱ्या नंबरवाल्याला दोन वाईट वर्षंही चालतात. अर्थात तो बलाढ्य संघात पडला नाही तर. डार्को मिलिचिच १८ वर्षांचा असताना, २००३ मध्ये, दुसऱ्या नंबरला डेट्रॉइटकडे गेला. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नंबरला कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. डेट्रॉइट पुढच्याच वर्षी विजेता झाला. त्या संघात पोराला शिकायला मिनिटं कोण देणार? आता तो सर्बियात फळबागा करतो.

डोळ्यांना फसवणारी गोष्ट बहुतेक वेळा अगदी किरकोळ असते. ह्यूस्टन रॉकेट्सचे तेव्हाचे प्रमुख डॅरिल मोरी हे आकड्यांवर भिस्त ठेवणारे. त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. २००७ मध्ये त्यांच्या मॉडेलला मार्क गसोल आवडला होता. पण स्काउटांच्या हाती त्याचा उघड्या अंगाचा एक फोटो लागला. शरीर थुलथुलीत. मंडळींनी त्याला एक टोपणनाव ठेवलं आणि त्या हशात मॉडेलचा आवाज बुडाला. गसोल अठ्ठेचाळिसाव्या नंबरला दुसऱ्याकडे गेला आणि पुढे वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला. त्यानंतर मोरींनी कार्यालयात खेळाडूंना टोपणनावं ठेवायला बंदी केली.

तीन वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच मॉडेलने हार्वर्डच्या एका तैवानी वंशाच्या गार्डला पंधराव्या नंबरच्या आसपास लावलं. जेरेमी लिन. लिन एनबीएतल्या खेळाडूसारखा दिसत नव्हता. ह्यूस्टनने त्याला घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही, साठही नावं संपली. डिसेंबर २०११ मध्ये तो आपसूक ह्यूस्टनच्याच पदरात पडला, दुसऱ्या संघाने सोडलेला म्हणून. बारा दिवसांनी, नाताळच्या आदल्या दिवशी, ह्यूस्टननेही त्याला सोडून दिलं. १० फेब्रुवारीला, आता न्यूयॉर्कच्या संघाकडून, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने कोबी ब्रायंटच्या लेकर्सविरुद्ध ३८ गुण केले. लिनला ठेवायला हवं होतं, असं मोरींनी त्याच महिन्यात जाहीरपणे लिहिलं.